वावरात सापडलेले टोकदार दगड: यातला बाण कोणता?

तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या पुढे तुमच्या मामांचे वावर आहे. नाल्याला लागून, अर्धे काळीचे, अर्धे बरड, म्हणजे मुरमाड. दोन पावसाळ्यांत तुम्ही तिथून ४२ टोकदार दगड वेचले, एक ऑनलाइन विकत घेतला, आणि सगळे ४३ क्रमांक घालून डब्यात माझ्याकडे पाठवले. विचारले आहे ते असे: ही बाणांची टोके आहेत का, किती जुनी, आणि मोबाइलवरच्या ॲपने ७ नंबरला 'क्लोव्हिस पॉइंट' म्हटले ते खरे का. मामांचा प्रश्न कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला होता: याला काही किंमत येते का.

तीन संध्याकाळी बसून सगळे भिंगाखाली पाहिले. ४३ पैकी २९ दगड निसर्गाने, नांगराने नाहीतर रोटाव्हेटरने घडवलेले आहेत. एक खंभातचा आहे, एक आगपेटीच्या आधीच्या काळातला. उरलेले १२ माणसाने फोडलेले, यात मला शंका नाही. त्या १२ मध्ये बाणाला बसवलेला असू शकेल असा एकच, १४ नंबर. त्याच्यापुढे तुम्ही 'लहान तुकडा, फेकायचा?' असे लिहिले आहे. फेकला नाहीत, हे फार बरे केलेत.

आता एवढे टोकदार दगड त्या वावरात आलेच कुठून, ते आधी सांगतो. नागपूरच्या पश्चिमेला, म्हणजे हिंगणा, काटोल, कळमेश्वर या बाजूला, खाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत सिलिका साचली, आणि तिचेच अकीक, कॅल्सेडनी, जास्पर झाले. बेसाल्ट झिजून माती होतो, या गोट्या झिजत नाहीत. म्हणून पाऊस पडून गेला की बरडात त्या उघड्या पडून चमकतात. आपण सगळ्यांनाच सरसकट गारगोटी म्हणतो. तिला रवा नाही, थर नाही. ती फुटते ती काचेसारखी, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गोलसर खोलगट भाग ठेवून. भूगर्भवाले याला शंखाभ भंजन म्हणतात. या गुणामुळेच माणसाने तिची हत्यारे केली, आणि याच गुणामुळे बैलाच्या खुराखाली किंवा ट्रॅक्टरच्या फाळाखाली फुटली तरी ती टोकदारच फुटते. टोक असणे हा पुरावाच नाही. तुम्ही वेचताना टोक पाहून वेचले, म्हणून डब्यात टोकेच आली. हत्याराच्या शोधात असलेला माणूस टोक शेवटी बघतो.

७ नंबर घ्या. तुमचा आवडता, पानाच्या आकाराचा, साडेपाच सेंटिमीटरचा. क्लोव्हिस टोके उत्तर अमेरिकेतली, सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्या दोन्ही बाजू पूर्ण छिलून काढलेल्या असतात आणि बुडापासून वर एक लांब पन्हळ काढलेली असते. ॲपला अमेरिकेतले नमुने शिकवले आहेत. त्याने बाह्यरेषा जुळवली आणि नाव सांगून टाकले. दगड हातात घेतला की गोष्ट वेगळी निघते. याच्या एका बाजूला गोटीची मूळ खरबरीत साल तशीच आहे, दुसऱ्या बाजूला तीन मोठे पैलू. त्यातले दोन दुधाळ झालेले आणि कडेला गुळगुळीत, म्हणजे नाल्यातून लोळत आलेले. तिसरा पैलू ताजा, काचेसारखा. म्हणजे हा दगड दोन वेगळ्या वेळी फुटला आहे, आणि दुसरी वेळ मामांच्या नांगरणीची असावी. कडेला जे बारीक दात दिसतात ते कधी या अंगाला, कधी त्या अंगाला, एक मोठा, एक लहान, आणि सगळे ताज्या रंगाचे. रोटाव्हेटर फिरलेल्या वावरातले निम्मे 'दातेरी बाण' असेच तयार होतात. माणूस कड घडवतो तेव्हा छिलके एका अंगाने, एका मापाने, सलग निघतात, आणि त्यांच्यावरची कळा बाकीच्या दगडाइतकीच जुनी असते.

ताजे आणि जुने ओळखायला भिंगही लागत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात दगड धरून हळूहळू फिरवा. जुना पैलू मंद चमकतो, मेणावर हात फिरवल्यासारखा. ताजा एकदम लखकन चमकतो.

माणसाने फोडल्याची खूण वेगळीच असते. दगडावर दगड मारून छिलका काढला की जिथे घाव बसला तिथे एक लहानसा सपाट माथा राहतो, आणि त्याच्या लगेच खाली, छिलक्याच्या आतल्या बाजूला, एक फुगवटा येतो. बोटाने चाचपडला तर तिळाएवढा असो की चिंचोक्याएवढा, लागतोच. त्या फुगवट्यापासून लाटा पसरतात, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. आणि पाठीवर आधी काढलेल्या छिलक्यांचे व्रण असतात, बहुधा एकाच दिशेचे. एखाद्या दगडात यातली एक खूण निसर्गानेही येऊ शकते. माथा, फुगवटा, लाटा आणि पाठीवरचे ओळीने व्रण असे सगळे एकत्र आले की मी होकार देतो. तुमचे ३, ९, १०, १७, १८, २६ आणि ४० हे सात असे साधे छिलके आहेत. हत्यारे नाहीत, हत्यारे करतानाचा कचरा. पण सुताराच्या दुकानात भुसा दिसला की तिथे रंधा चालला होता हे कळते, तसे हे आहे. माझ्या लेखी ७ नंबरपेक्षा ते सात मोलाचे.

६, १२ आणि ३३ ही पाती, म्हणजे समांतर कडांचे लांबट तुकडे, तीनही मोडकी. २२ नंबर हा पाती काढून झालेला गाभा आहे. उभा धरला की कडेने बारीक पन्हळी दिसतात, पेन्सिल तासल्यासारख्या. मी मोजल्या, सहा. एकेका पन्हळीतून एकेक पाते निघाले, साधारण बोटाच्या नखाच्या रुंदीचे. तुम्ही याला 'फुटका मणी' लिहिले आहे. चूक समजण्यासारखी आहे, मलाही पहिल्या वर्षी असेच वाटले होते.

आणि आता १४.

लांबी १९ मिलिमीटर, रुंदी ७, जाडी अडीच. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. (जाता जाता: फोटोत मापासाठी रुपया ठेवता तेव्हा कोणता ते लिहा. जुना रुपया २५ मिलिमीटरचा आहे, २०११ मध्ये आलेला २२ च्या जवळ. एवढ्याशा हत्याराच्या बाबतीत तो फरक फार होतो.) मधाच्या रंगाची कॅल्सेडनी, उजेडासमोर धरली तर आरपार दिसते. आकार चवथीच्या चंद्रकोरीचा: एक कड सरळ, दुसरी कमानदार. सरळ कड पात्याची मूळ धार आहे, तिला हातही लावलेला नाही, आणि ती अजून कागद कापते. मी कापून पाहिला, राहवले नाही. कमानदार कड मात्र मुद्दाम बोथट केली आहे. भिंगातून पाहा: एकाला एक लागून छिलके, दगडाच्या अंगाशी जवळजवळ काटकोनात, टोकापासून टोकापर्यंत. मोजायचा प्रयत्न केला, तिसाच्या पुढे गडबडलो.

धारदार वस्तूची एक कड कष्ट करून बोथट कशाला करायची? ती बाजू लाकडात किंवा हाडात केलेल्या खाचेत, डिंक-राळेत बसवायची म्हणून. धार असती तर तिने खाच चिरली असती आणि राळ धरली नसती. अशा चार-सहा कोरी एका काठीला ओळीने बसवल्या की बाण होतो, भाला होतो, नाहीतर विळाही होतो. म्हणून मी 'बाणाला बसवलेला असू शकेल' एवढेच म्हणतो. कोर सुटी सापडली की ती कशाला बसवली होती हे आकारावरून सांगता येत नाही. असली सूक्ष्मास्त्रे, म्हणजे नखाएवढी दगडी हत्यारे, शस्त्र म्हणून वापरली जात याचा चांगला पुरावा उत्तर प्रदेशात सराय नाहर रायला मिळाला आहे. तिथल्या एका सांगाड्याच्या बरगडीत सूक्ष्मास्त्र रुतलेले होते. १४ नंबरच्या एका टोकाला एक बारीक तुकडा उडाला आहे, टोकाकडून आत गेलेला. आदळून असे होते. खाली पडूनही होते. जास्त ताणत नाही.

आपल्या मनात 'बाणाचे टोक' म्हटले की पत्त्यातल्या इस्पिकासारखा आकार येतो: त्रिकोण, खाली दोन खाचा, मध्ये देठ. ते चित्र अमेरिकेतून, सिनेमातून आणि इंटरनेटवरून आले आहे. आपल्याकडे देठाची टोके आहेत, पण क्वचित. आपल्या पूर्वजांनी एकच मोठे टोक घडवण्यापेक्षा लहान लहान सुटे भाग बसवायची पद्धत धरली. एक तुटला की तेवढाच बदला. म्हणून आपल्या भागात हौशी माणसाने 'बाण' शोधायला जाऊ नये, नखाएवढी कोर, त्रिकोण, समलंब चौकोन शोधावेत. ते पायाखाली असतात आणि दिसत नाहीत.

३१ नंबर, जो तुम्ही 'प्राचीन अकीक बाण' म्हणून विकत घेतला, तो अगदी त्या इस्पिकासारखा आहे, हीच त्याची मेख. गुजरातमध्ये खंभातला अकीकाचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि ते असे बाण आजही शेकड्यांनी घडवतात. जगभर जातात, कुणी लॉकेट करते, कुणी कुठल्याशा उपचाराला वापरते. कारागिरी खरीच आहे, प्राचीन तेवढी नाही. ओळख सोपी: सगळे पैलू एकाच चमकीचे, कुठेही दुधाळपणा नाही, माती धरलेली नाही, आणि दोन्ही खाचा तंतोतंत सारख्या. पैसे गेले ते गेले. कपाटात ठेवा, कारागिराचा हात चांगला आहे. फक्त बाकीच्यांत मिसळू नका.

५ नंबर मला सगळ्यांत गोड वाटला. लिंबाएवढी गारगोटी, दोन कडा ठेचून ठेचून गोल झालेल्या, आणि एका फटीत अगदी बारीक तांबूस डाग, लोखंडाच्या गंजाचा. हे हत्यार नव्हे, ही चकमकीची गारगोटी. आगपेटी घरोघर पोचायच्या आधी पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि कापूस एवढे बटव्यात असे, आणि वावरात विडी त्यावरच पेटे. मामांच्या आजोबांची असेल तर आश्चर्य नाही. घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला दाखवा. माझ्यापेक्षा चांगले उत्तर तिथे मिळेल.

तुमच्या चिठ्ठीत एक वाक्य होते: जवळच शिळावर्तुळे आहेत, म्हणजे हे बाण त्याच लोकांचे असणार. हा गैरसमज नागपुरात इतका पसरलेला आहे की थोडे थांबून सांगतो. जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथली दगडांची वर्तुळे महाश्मयुगीन, म्हणजे मोठे दगड रचून केलेली, दफने आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. वर्तुळे दगडाची, पण ती रचणारी माणसे लोखंडाची. उत्खननांत त्यांच्यापाशी लोखंडी कुऱ्हाडी, सुऱ्या, बाणाग्रे, घोड्याचा साज मिळाला. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. त्यांना शिकारीला गारगोटी तासत बसायची गरज नव्हती. तुमचे तुकडे आणि वर्तुळे जवळ आहेत याचा अर्थ इतकाच, की पाणी जवळ होते आणि जागा पुन्हा पुन्हा माणसाला आवडली.

माहुरझरीची गोष्ट याहून अवघड. तिथे मण्यांचा मोठा उद्योग होता: अकीक, कार्नेलियन, जास्पर, स्फटिक. मणी करताना गोटी आधी अशीच छिलतात, आणि छिलक्यांना तोच माथा, तोच फुगवटा येतो. म्हणजे तिथे, काटोल रस्त्याच्या बाजूला, कुणाला छिलके मिळाले तर ते शिकाऱ्याचे की मणेराचे, हे एका छिलक्यावरून ठरत नाही. अर्धवट घडवलेले मणी, भोक पाडताना फुटलेले मणी सोबत मिळतात का ते पाहावे लागते. तुमच्या डब्यात तसे काही नाही, आणि गाभा मिळाला आहे तो पात्यांचा. म्हणून मी मण्यांकडे झुकत नाही.

टाकळघाट तुमच्या तालुक्यातच आहे म्हणून आठवले: ज्यांच्या नावाचे कॉलेज आपल्या शहरात आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये तिथलीच वर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेले. सप्टेंबरचा महिना होता. पावसाळ्यात नाल्याकाठी एकटे दगड वेचायला जाऊ नका, हे मी नुसते म्हातारपणी आलेल्या काळजीने सांगत नाही.

आता वय. नुसता दगड हातात देऊन कुणी वर्ष सांगितले तर त्याचे ऐकू नका. कार्बनच्या कसोटीला कोळसा, हाड असे काही सजीवातले लागते, दगडाला ती लागू नाही. ज्या मातीत हत्यार दबले ती माती शेवटची कधी उजेडात होती हे मोजता येते, पण त्यासाठी हत्यार त्या थरात, जागेवर हवे. आणि आकारावरून काळ सांगावा तर सूक्ष्मास्त्रे फार लांबवर पसरली आहेत. मध्य प्रदेशात मेहताखेडीला ती चाळीस हजार वर्षांपलीकडची आहेत, आंध्रात ज्वालापुरमला पस्तीस हजारांच्या आसपासची, आणि इकडे इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन गावांतही गारगोटीची पाती वापरात होतीच. तांबे आले म्हणून कुणी दगड टाकून दिला नाही, दगड फुकट होता. १४ नंबरची घडण पाहता मी त्याला मध्याश्मयुगीन, म्हणजे शेती येण्याआधीच्या शिकारी माणसांच्या, परंपरेतला म्हणेन. याहून बारीक आकडा तुमच्याकडून कुणी मागितला तर त्याला नाल्याचा काठ दाखवा. उत्तर असेल तर तिथे असेल, डब्यात नाही.

मामांना सांगा, किंमत येते, पण घेऊ नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही, आणि परदेशी पाठवणे तर गुन्हाच आहे. ऑनलाइन कुणी बाहेरदेशीचा गिऱ्हाईक चौकशी करत असेल तर त्याला उत्तरही देऊ नका. जमिनीखाली दडलेला ऐवज सापडला आणि तो दहा रुपयांवरचा असला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे, असा १८७८ चा कायदाही अजून पुस्तकात आहे. आणि जुनापाणीसारख्या संरक्षित जागी खडाही उचलायचा नाही. नोंद करून घ्यायला नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे, अजब बंगला म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आहे.

एक माझ्या पदरची चूक सांगतो. कॉलेजात असताना मीही वेचायचो. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साठेक सूक्ष्मास्त्रे आहेत, त्यात चार कोरी तुमच्या १४ नंबरपेक्षा देखण्या. चार वेगवेगळ्या नाल्यांवरून आणली, सगळी एकत्र टाकली, 'नंतर लिहू' म्हणून. आता कोणती कुठली हे मला सांगता येत नाही. तो डबा माळ्यावर आहे आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नाही. तुमच्या ४३ ना क्रमांक आहेत, पण जागा एकच लिहिली आहे: 'मामाचे वावर'. नऊ एकरांत कुठे? नाल्याच्या बाजूला की रस्त्याच्या? १४ आणि २२ एकाच ठिकाणी होते का? आठवत असेल तर आजच लिहा, उद्यापर्यंत अर्धे विसराल.

यापुढे वेचू नका असे म्हणणार नाही, म्हटले तरी तुम्ही वेचणार. पण उचलायच्या आधी जागेवर फोटो, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, आणि काळीत होते की बरडात, एवढे लिहा. लहान वस्तू वेगळ्या पुडीत घाला. डब्यात एकमेकांवर आपटून तुमच्या १२ नंबरची कड प्रवासात झडली आहे, ताजा तुकडा तळाशी सापडला. धुवायचे तर साध्या पाण्यात, बोटाने. ब्रश, ॲसिड, तेल काही नको. धारेला कधीकधी राळेचा कण चिकटून राहिलेला असतो, तो गेला की गेला. आणि काठ उकरायचा नाही, अजिबात नाही. पुराने कापलेला उभा काठ नुसता पाहा, कुठल्या थरातून छिलके डोकावतात ते.

डबा परत पाठवतो आहे, १४ आणि २२ वेगळ्या पुड्यांत, कागदात गुंडाळून. कापसात ठेवू नका, तंतू धारेला अडकतात. उन्हाळ्यात पऱ्हाट्या उपटून झाल्या की मी एक दिवस येतो, सकाळी सहालाच निघू. तोवर मामांना एक निरोप द्या. नांगराला आडवे येणारे मुठीएवढे दगड त्यांनी वर्षानुवर्षे नाल्याकडच्या धुऱ्यावर टाकले असतील. तो ढीग कुणाला भरणीला देऊ नका म्हणावे, मला आधी तो पाहायचा आहे.